खंडेनवमीला बसवलेला बल्ब

भूतखेत मी मानत नाही, हे आधी लिहून टाकतो. छप्पन्नच्या दसऱ्यानंतर आमच्या घरातून देव्हारा गेला, अंगारा गेला, दारावरची लिंबू-मिरची गेली... आणि त्यांच्याबरोबर भूतही गेलं. एकाला काढायचं अन् दुसऱ्याला ठेवायचं, असं मला जमत नाही.

या सदरातले अनुभव मी नातीकडून वाचून घेतो. निम्म्या अनुभवांत वळणावर पांढऱ्या साडीतली बाई उभी असते. राजेहो, मी अकोला-नागपूर अन् परतवाडा-धारणी रस्त्यावर उभी हयात ट्रक हाकला, मला तर अशी एकही भेटली नाही. भेटली असती तर गाडीत घेऊन घरी सोडून आलो असतो, बिचारी किती दिवस उभी राहणार! माझ्या गोष्टीतही पांढऱ्या साड्या आहेत, चांगल्या ट्रकभर आहेत, पण त्या सगळ्या जिवंत बायकांच्या.

मग मी का लिहितोय? तर एक पितळी तुकडा माझ्या खिडकीत पडलेला आहे, आणि तो माझं डोकं सोडत नाही.

गोष्ट साठ सालानंतरची, मी ऐन पंचविशीच्या आतबाहेर होतो. आमचं गाव अकोल्याजवळ. वडील मी लहान असतानाच गेले. घरात माय, मी आणि माझा मोठा भाऊ श्रावण. श्रावण अकोल्यात एका गॅरेजात मिस्त्रीच्या हाताखाली होता आणि मी शाळा बुडवून त्याच्या मागे मागे असायचो. ट्रकचं इंजिन मी त्याच्याच हातून शिकलो. इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथं नजर पोचत नाही, तिथं दोघांनी दोन बाजूंनी हात घालून काम करायचं असेल तर बोलून उपयोग नसतो, समोरच्याचं बोट कुठं आहे ते कळत नाही. म्हणून त्यांच्या गॅरेजात एक रीत होती. मनगटावर एक थाप म्हणजे धर, दोन थापा म्हणजे सोड, माझ्याकडे आलं.

श्रावणची आणखी एक खोड होती. तेल गळू नये म्हणून मिस्त्री लोक स्क्रूच्या आट्यांवर सूत गुंडाळतात, त्याचं टोक नुसतं दाबून सोडून देतात. श्रावण मात्र शेवटी दोन बारीक गाठी मारायचा, मायनं गोधडी शिवताना मारायच्या तशा. गॅरेजातले त्याला चिडवायचे, "काबे, मिस्तरी हायस का शिंपी?" तो हसायचा अन् गाठ मारायचाच.

छप्पन्नच्या दसऱ्याला आख्खं गाव धम्मदीक्षेसाठी नागपूरला निघालं. मायनं पांढरं लुगडं आणलं होतं, निळ्या काठाचं, घडी न मोडलेलं. आणि ऐन वेळी श्रावण तापानं फणफणला. मी गावकऱ्यांसोबत गेलो, माय त्याच्याजवळ थांबली. तापातही तो तिला म्हणायचा, "माय, तू रडू नको व. मी बरा झालो का मीच तुले नागपूरले नेतो." मी परत आलो तेव्हा तो बोलण्यापलीकडे गेला होता. दोन दिवसांनी गेलाच.

पुढं गावातच कार्यक्रम झाला, माय तिथं बौद्ध झाली. पण नागपूरची ती जागा तिनं पाहिली नाही. दरवर्षी दसरा आला की मी म्हणायचो चल, अन् ती म्हणायची, "श्रावण नेतो म्हणे." बस, एवढंच. लुगडं ट्रंकेत तसंच. मला रागही यायचा... मेलेल्या पोराचा शब्द धरून बसायचं अन् जिवंत पोरगा समोर उभा आहे त्याचं काहीच नाही! पण बोललो नाही कधी.

मग तिचे डोळे गेले. म्हणजे जाऊ लागले. काचबिंदू. अमरावतीच्या डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं, की गेलेली नजर येणार नाही, आणि उरलेली पुढच्या दसऱ्यापर्यंत टिकेल असं समजू नका. मी घरी येऊन मायला जसंच्या तसं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "असं हाये तं चाल बापू. दिसते तोवर पाहून घेतो."

आमच्या सेठनं सणाच्या दिवसांत गाडी उभीच राहणार म्हणून ट्रक दिला. गावातली माणसं मागे बसली, बाया पांढऱ्या लुगड्यांत, म्हातारे, लेकरं, भाकरीची गाठोडी. क्लीनर सणाला घरी गेलेला, त्यामुळं गाडीचं सगळं माझ्याच अंगावर. रेल्वेनं का नाही गेलो, असं कुणी विचारील. त्या दोन दिवसांत नागपूरच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसायची, आणि अर्धवट दिसणाऱ्या बाईला त्या रेट्यात घालायची माझी छाती नव्हती.

खंडेनवमीच्या सकाळी निघालो. दुसऱ्या दिवशी दसरा. मूर्तिजापूर मागं पडलं आणि कुरूमच्या अलीकडे माझी नजर तेलाच्या काट्यावर गेली. काटा थरथरत होता. मग पडला, आणि खालून जळक्या तेलाचा वास आला. मी तिथंच इंजिन बंद केलं.

गाडीखाली जाऊन पाहिलं तर तेलाच्या दाबाचा बल्ब फुटला होता. बल्ब म्हणजे दिव्याचा नव्हे. इंजिनात तेलाचा दाब किती आहे ते समोरच्या काट्याला कळवणारा पितळी तुकडा, अंगठ्याएवढा. माझा नातू त्याला सेन्सर म्हणतो. काम एवढुसं, पण तो बसवलेला कुठं, तर इंजिनाच्या मागं, केबिनच्या पत्र्याला चिकटून. ज्यानं ती जागा ठरवली त्यानं स्वतः कधी तिथं हात घातला नसावा! वरून बॉनेट उघडून लांब हाताच्या माणसाची बोटं कशीबशी टेकतात. खालून पाठीवर झोपून मनगटापर्यंत हात जातो, दिसत काहीच नाही. आणि तो तसाच सोडून गाडी हाकली, तर तेल गळून इंजिन जाम. बडनेराही आलं नसतं.

नशीब म्हणजे थोडं मागंच एका निंबाखाली मिस्त्रीची टपरी होती. उताराचा रस्ता, सगळ्यांनी मिळून गाडी ढकलत मागं आणली. मिस्त्री गुलाबराव, पन्नाशीचा माणूस, कपाळाला कुंकू, अंगात धुतलेला सदरा. मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"बल्ब हाये माह्यापाशी, नवा, कागदातला. घेऊन जा," तो म्हणाला. "पण हात नाई लावत. आज खंडेनवमी. पाने-हातोडे पाटावर मांडले, हयद-कुकू वाह्यलं, नारय फोडलं. उद्या सोनं वाटल्याबिगर पाना उचलत नसतो मी. माह्या बापानं नाई उचलला, म्या नाई उचलला."

"मिस्तरी, म्हातारी आंधयी होऊन राह्यली," मी म्हटलं. "उद्या नागपूर पाहिजे."

त्यानं मायकडे पाहिलं. चेहरा कसानुसा झाला, खोटं कशाला बोलू. पण हात पाठीमागचे पुढं आले नाहीत. आत टपरीत पाने खरोखर पाटावर होते, झेंडूच्या फुलांत. सूत अन् आट्यांना फासायच्या सफेद्याची डबीसुद्धा त्यांच्यासोबतच पुजलेली.

आमच्यातले लक्ष्मणबुवा गाडीतून ओरडले, "अरे, त्याचे पाने सुट्टीवर हायेत, आपले थोडीच हायेत! आपण तं हे सारं सोडलं ना? घे सुदाम, काढ तुहे हत्यारं."

सगळे हसले. गुलाबरावही हसला. "घे बापू. माह्या हाताले बंदी हाये, तोंडाले नाई. इथून सांगतो." आणि तो निंबाच्या पाराजवळ चहाचा पेला घेऊन बसला.

ऊन मी म्हणत होतं. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. लोक उतरून सावलीला गेले. एका बाईनं लेकराचं ओलं दुपटं बॉनेटवर वाळत घातलं, म्हटलं असू दे, मी खालूनच करणार. माय मात्र निंबाखाली गेली नाही. गाडीच्याच सावलीत, मागच्या चाकाला टेकून बसली. "इथंच बसतो," म्हणाली, "तुहा आवाज येते."

जुना बल्ब काढता काढताच माझं कातडं सोललं. मग नवा घेतला. गुलाबराव पारावरून ओरडला, "सूत गुंडाय त्याले! नाई तं चुईन!" मी ओरडून सांगितलं, आधी कोरडाच लावून पाहतो, आटे धरतात का बघतो, मग काढून सूत लावतो. रीत तशीच आहे. आंधळ्या जागेत पहिल्याच फेऱ्यात सूत लावलं आणि आटे तिरपे गेले, तर इंजिनाचीच वाट लागते.

मी एक हात वर घातला, दुसऱ्यानं गाडीची चेसीस धरली. बल्ब भोकाला टेकवला, फिरवला, निसटला. परत टेकवला. घाम डोळ्यांत, वरून तेल टपकतंय. तिसऱ्यांदा आटा धरल्यासारखा वाटला आणि बोटं घसरली. बल्ब गेला. टण् करून वर कुठंतरी आपटला आणि आवाज बंद.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना कळेल मी काय म्हणतो ते. तो आत कुठंतरी खाचेत बसला होता, माझी बोटं पोचत नव्हती, आणि दुसरा बल्ब नव्हता. मी दुसराही हात आत घुसवला, दोन्ही खांदे दुखेपर्यंत चाचपलं. काही नाही. मला रडू आलं. चांगला बाप्या माणूस, गाडीखाली पडून रडत होतो. मनात एकच... एवढ्या वर्षांनी ती हो म्हणाली, आणि मी तिला कुरूमच्या फाट्यावर आणून बसवली.

आणि माझ्या मनगटावर एक थाप पडली.

मी हात तसाच धरला. सवयच ती. तळव्यावर बल्ब आला. कुणीतरी तो माझ्या बोटांत नीट उभा करून दिला, मग त्या हातानं माझी बोटं धरली, भोकाकडे नेली, आणि फिरवलं. आटा लागला. मऊ, सरळ, लोण्यात सुरी जावी तसा. तो हात तेलकट होता आणि ऊन होता, म्हणजे गार वगैरे अजिबात नव्हता. मला वाटलं, गुलाबरावाला राहवलं नाही. वरून हात घातला शेवटी! मी म्हटलंसुद्धा, "बरं झालं मिस्तरी, आले तुमी." मनगटावर दोन थापा पडल्या. मी सोडलं.

थोडा वेळ वर पितळ घासल्यासारखा आवाज येत राहिला. मग शांत झालं. मी पाना घालून पाहिलं, बल्ब पक्का बसला होता. माझ्या पान्याला काही कामच उरलं नव्हतं.

बाहेर आलो तर गुलाबराव पारावरच. पेला हातात, बोटांवर हळदीकुंकू, तेलाचा ठिपका नाही. "लागला का?" त्यानं तिथूनच विचारलं.

"तुमी आले होते ना?"

"कुठं?"

मी बॉनेटकडे पाहिलं. बंद होतं. त्यावर लेकराचं दुपटं तसंच पसरलेलं, एक चुणी हललेली नाही. वरून हात घालायचा तर बॉनेट उघडल्याशिवाय बोटभरही जागा नाही. मी त्या दुपट्याकडेच बघत उभा राहिलो. गुलाबरावानं पेला खाली ठेवला आणि जवळ येऊन हळूच विचारलं, "काय झालं बापू?" मी म्हटलं काही नाही, उनाचं.

"सूत लावलं?"

"नाई." पुन्हा काढून सूत लावायचं मला धाडस झालं नाही, खरं सांगतो.

"मंग अमरावतीपर्यंत तेल चुईन ते. पायत राह्यजो."

तेल भरलं, इंजिन चालू केलं. काटा उठला आणि सरळ उभा राहिला. बडनेऱ्याला खाली वाकून पाहिलं, थेंब नाही. अमरावतीला पाहिलं, तळेगावला पाहिलं, कोंढाळीला पाहिलं. खालचा भाग कोरडा ठणठणीत. लक्ष्मणबुवा म्हणाले, "अरे, कितीदा वाकतं गाडीपुढं, आपण पाया पडणं सोडलं ना?" मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी माय त्या मैदानात उभी होती. एवढी माणसं, एवढं पांढरं. तिनं डोळ्यांवर हाताचा आडोसा केला आणि हळूहळू सगळीकडे पाहिलं, डावीकडून उजवीकडे, परत उजवीकडून डावीकडे. मातीही हातात घेऊन पाहिली. मी तिचा हात धरला होता. नव्या लुगड्याच्या पदराचा निळा काठ एका टोकाला उसवलेला दिसला. मी म्हटलं, "माय, पदर उसवला वाटते." ती म्हणाली, "असू दे."

पुढच्या उन्हाळ्यात तिला दिसणं बंद झालं.

गाडीखालचा प्रकार मी कुणाला सांगितला नाही. काय सांगणार? आम्ही गावोगाव फिरून लोकांना सांगत होतो की अंगात येणं खोटं, भानामती खोटी. आणि मीच सांगू की मला हात लागला? उन्हात डोकं फिरलं असेल, बल्ब आपोआप घरंगळून हातात आला असेल, असं मी स्वतःला पटवलं. बऱ्यापैकी पटलंही होतं.

काही वर्षांनी ते इंजिन अमरावतीला एका गॅरेजात पूर्ण खोललं. मी समोर उभा होतो. इंजिन खाली उतरलं आणि तो बल्ब पहिल्यांदा उजेडात आला. मी स्वतःच्या हातानं तो काढला.

आट्यांवर सूत होतं.

तेलानं काळं पडलेलं, पण घासल्यावर रंग दिसला. निळा. आणि शेवटी, जिथं टोक दाबून सोडायचं असतं, तिथं दोन बारीक गाठी.

मी बल्ब रुमालात बांधून घरी आणला. माय ओट्यावर गहू निवडत होती, दिसत नसलं तरी हातानं खडा बरोबर सापडायचा तिला. मी काही न बोलता बल्ब तिच्या तळहातावर ठेवला. तिनं बोटं फिरवली, एकदा, दोनदा. मग अंगठा थांबला.

"दोन गाठी हायेत ना," ती म्हणाली.

मी विचारलं, "माय, हे सूत कुठलं?"

"माह्या पदराचं. तूच तं मांगतलं ना गाडीखालून? हात बाहीर काहाडला, असा, उताना. गुलाबराव सूत सूत वरडे, मले वाटलं सूत पाह्यजे. म्या पदराचं काहाडून देल्लं हातावर."

"माय, माहे दोन्ही हात आत होते. म्या काई मांगतलं नाई."

तिनं सूप बाजूला सारलं.

"मालूम हाये मले," ती हळूच म्हणाली. "देताना हाताले हात लागला. पोराचा हात मायले समजत नाई का रे? ज्याले न्हाऊ-माखू घातलं तो हात."

"मंग तवाच कावून नाई सांगतलं?"

"तू म्हणतं, भूत राह्यत नाई."

"नसतेच," मी म्हटलं.

"मीबी तेच म्हणतो," माय म्हणाली. "भूत कायचं? श्रावण होता तो."

आता मी तेव्हाच्या तिच्यापेक्षाही म्हातारा झालो. इंजिनिअर नातवाला बल्ब दाखवला. तो म्हणाला, आजोबा, तुम्हीच सूत लावलं असेल आणि विसरला असाल, तणावात माणसाला असं होतं. असेल. पण पदराचं सूत मी मागितलं नव्हतं, आणि मला गाठ मारायची सवय कधीच नव्हती, गॅरेजात मीही त्याला शिंपीच म्हणायचो. दुसरं काही उत्तर मला आजवर सापडलेलं नाही. कुणाला सापडलं तर अवश्य लिहा, शिव्या द्यायच्या असतील तरी द्या. मी अजूनही भूत मानत नाही.

त्या दिवशी ओट्यावर मायनं बल्ब मला परत दिला नाही, तो ती गेल्यावरच माझ्या खिडकीत आला. अंगावर तेच निळ्या काठाचं लुगडं होतं, त्याच्या पदराच्या टोकाला, काठ उसवला होता तिथंच, तिनं तो गाठीत बांधून घेतला. मग सूप पुढं ओढलं आणि गहू चाचपत म्हणाली,

"नेतो म्हणे. नेलं बाप्पा त्यानं."